सहा दिवस पुढचा दाखला

१

वैशालीने मुद्रा चोरली, ही बातमी बकुळाबाईंना भोईवाड्याच्या नाक्यावर मेथीची जुडी निवडताना फोनवर कळली, आणि खरं सांगायचं तर ऐकल्याबरोबर त्यांना बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली, आणि लाजेपोटी त्यांनी भाजीवालीशी घासाघीस न करता पैसे दिले.

बकुळाबाई परळच्या महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. वैशाली त्यांचीच विद्यार्थिनी. अपूर्णांकांना घाबरून बाकाखाली लपणारी ही मुलगी आता गोधडी मंडळाची वेबसाइट चालवत होती आणि माणसं तिला 'मॅडम' म्हणत होती.

गोधडी मंडळ कमलताईंनी बावीस वर्षांपूर्वी काढलं होतं. गिरण्या बंद पडल्यावर घरोघर पडून असलेले कापडाचे तुकडे गोळा करून चाळीतल्या चोवीस बायका त्यांच्या गोधड्या शिवू लागल्या. पुढे प्रत्येक गोधडीची नोंद ठेवायची ठरलं. नंबर काय, कोणी शिवली, किती दिवस लागले, कापड कुठलं. अकरा वर्षं ती वही बकुळाबाईंनी लिहिली, मोत्यासारख्या अक्षरात. गिऱ्हाईक खोलीत आलं की कमलताई वही पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "अक्षर बघा आमच्या बाईंचं." दोन वर्षांपूर्वी साइट आली. वही कपाटात गेली.

यंदा काही लबाड दुकानदार मंडळाच्या गोधड्यांचे फोटो चोरून यंत्रावरच्या गोधड्या विकू लागले, तेव्हा वैशालीने मंडळाची मुद्रा काढली. वाटोळी, मधोमध सुई, आणि सुईतला दोरा फिरून कडेचं वर्तुळ झालेला. बारा जानेवारीला तिने ती मंडळाच्या ग्रुपवर टाकली, तेव्हा चोवीसजणींनी टाळ्यांची चित्रं पाठवली. एका वर्तमानपत्राने येऊन वैशालीचा फोटोही काढून नेला.

आणि आज वीस तारखेला कमलताईंनी ग्रुपवर लिहिलं, की ती मुद्रा मुळात अनुजाची, वैशालीने चोरली.

बकुळाबाई मेथीची पिशवी घेऊन तशाच सावंत चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत गेल्या. कमलताई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. एकसष्ट वर्षांची, उभ्या अंगाची, मालवणकडची बाई. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरचं पोर रडायचं थांबावं.

"येवा बाई. तुमचीच वाट बघत होते. ह्या बघा."

पडद्यावर 'अनुजा' नावाचा फोल्डर उघडा होता. गोधड्यांच्या काठांची नक्षी काढायची ती अनुजा. तिच्या वीसेक चित्रांमध्ये एक ती मुद्रा होती, आणि शेजारी तारीख. बकुळाबाईंनी सवयीने पिशवीतून आपली छोटी वही काढून टिपून घेतलं: आठ जानेवारी, दुपारी चार वाजून पाच मिनिटं.

"वैशालीने ग्रुपवर टाकली बाराला," कमलताई बोटं मोडत म्हणाल्या. "हय पडलीय आठपासून. ती येऊन-जाऊन याच कॉम्प्युटरवर बसते. बघितली, उचलली, आपली म्हणून मिरवली. आणि साइटकडे तरी लक्ष आहे का? परवा साइटच उघडेना! लाल फलक आला. मीच फोटो काढून ग्रुपवर टाकला. आपण दुसऱ्याला खरं-खोटं शिकवणार, आणि आपलीच साइट धोक्याची!"

"अनुजा काय म्हणते?"

"ती बिचारी काय बोलणार? गरीब गाय." कमलताईंनी खुर्ची वळवली. "उद्या चारला सगळ्यांना बोलावलंय. वैशालीला खोलीची चावी आणि साइटचा पासवर्ड आणून द्यायला सांगितलाय. पण मी एकटीने ठरवलं तर लोक म्हणतील, कमलने काटा काढला. तुम्ही शाळेत चोऱ्या पकडायचात बाई. तुम्ही चौकशी करा. तुम्ही म्हणाल ते सगळ्यांना मान्य."

बकुळाबाईंनी होकार दिला. बाहेर पडताना त्यांच्या मनात आलं, चौकशीत उरलंय काय? आठ आधी येतात, मग बारा. पहिलीतलं पोर सांगेल.

आणि पुन्हा एकदा, चोरट्यासारखं, त्यांना बरं वाटलं.

२

चौकशी करायची तर ती नीट, म्हणून बकुळाबाई आधी हितेंद्रकडे गेल्या. तो कमलताईंच्या बहिणीचा मुलगा. गोधड्या खोक्यात भरायच्या, कुरिअरला पोचवायच्या, हे त्याचं काम. मंडळाच्या खोलीमागच्या पडवीत तो दातांनी चिकटपट्टी तोडत बसला होता.

"कॉम्प्युटरवर कोण कोण बसतं रे?"

"चारजणं. मावशी, अनुजावहिनी, मी, आणि मॅडम." 'मॅडम' म्हणताना त्याने तोंड वाकडं केलं. "बाकीच्या घरीच शिवतात. बाई, डिप्लोमा मी केलाय कॉम्प्युटरचा. तिने नुसता सहा महिन्यांचा क्लास. पण साइट तिला आणि चिकटपट्टी मला. आहे की नाही गंमत?"

"म्हणजे तू तिच्यावर जळतोस."

"जळतोच," तो हसला. "लपवू कशाला? पण चोरीबिरी आपल्या डोक्यात नाय येत. आपण तोंडावर बोलतो. आणि तो कॉम्प्युटर म्हणाल तर सगळ्यांचा छळ आहे. अमावास्या आली की मावशी त्याची तारीखच फिरवते."

"ती कशाला?"

"बाळाच्या गोधडीवर आपण चिठ्ठी लावतो ना, अमुक दिवशी पुरी झाली म्हणून? ती चिठ्ठी कॉम्प्युटरची तारीख घेते. बाळाच्या गोधडीवर अमावास्येची तारीख मावशीला चालत नाही. मग ती घड्याळ एक दिवस मागे करते आणि चिठ्ठी छापते. वहिनीला पण शिकवलंय. कधी परत पुढे करायला विसरतात, आणि कुरिअरवाला माझ्यावर ओरडतो, 'कालची पावती आज कशी?'"

बकुळाबाईंना हसू आलं. त्यांच्या घरी फक्त पौर्णिमा पाळायचे. अमावास्येला भिण्याचं कारण त्यांना कधी कळलं नव्हतं.

"आणि परवा, अठराला साइट बंद पडली तेव्हा तू कुठे होतास?"

"कुरिअरला. दादरला. चार खोकी होती." त्याने खिळ्याला अडकवलेली पावती काढून दाखवली. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. "परत आलो पाच वाजता, तर मावशी सांगते साइट बंद. मी उघडली, तर चालू!"

अनुजा वरच्या मजल्यावर राहायची. ती काठावर कमळं टिपत बसली होती. बाईंना बघून तिने सुई थांबवली, पण वर बघितलं नाही.

"अनुजा, मुद्रा तुझी आहे?"

"कमलताई म्हणतात माझी आहे."

"मी तुला विचारतेय."

अनुजाने दोरा दाताने तोडला. "सुईदोरा मी शंभर वेळा काढलाय बाई. कधीतरी तसाही काढला असेन. ताई म्हणाल्या, अगो, तू विसरलीस. तुझ्या फोल्डरात आहे म्हणजे तुझीच."

"तू आधी कागदावर काढतेस ना? मग हितेंद्र ते कॉम्प्युटरवर चढवतो. या मुद्रेचा कागद दाखव."

अनुजाने कमळाच्या पाकळीत सुई घातली आणि काढली, घातली आणि काढली. कागद तिच्याकडे नव्हता.

"बाई, दहा वर्षं माझी कमळं विकली जातात," ती एकदम बोलली. "साइटवर खाली नाव काय? 'संकल्पना, वैशाली.' तिने एकदा तरी बोटाला सुई टोचून घेतलीय? ताई म्हणाल्या, मुद्रा तुझी, तर मला गोड वाटलं. मी नाही म्हटलं नाही. त्याला चोरी म्हणतात का?"

"अठराला दुपारी चारला तू कुठे होतीस?"

"शिवाजी पार्कला. लेकीचा मल्लखांब असतो. पावणेचारला निघते, सहाला घरी."

जिना उतरताना बकुळाबाईंच्या मनातलं ते बरं वाटणं थोडं कमी झालं होतं. ज्याने चित्र काढलं त्याला आपलं चित्र ओळखता येत नाही, असं होत नाही. मग ते अनुजाच्या फोल्डरात ठेवलं कोणी?

३

वैशाली नायगावला राहायची. बकुळाबाई गेल्या तेव्हा ती पलंगावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिचे डोळे सुजले होते. तिने उठून खुर्ची पुसली. बाई शाळेत यायच्या तेव्हा पुसायची, तशीच.

"तुम्ही पण मला चोर समजता का बाई?"

बकुळाबाईंनी दुसरंच विचारलं. "ती मुद्रा तू कशी काढलीस, दाखव."

वैशालीने दाखवली. नऊ तारखेपासूनची आठ-दहा चित्रं होती. कुठे सुई आडवी, कुठे दोऱ्याला गाठ.

"हे दाखव की सगळ्यांना."

"दाखवलं. कमलताई म्हणाल्या, आठला बघून नऊपासून नक्कल करत बसलीस." तिने नाक पुसलं. "बाई, चित्र हा त्यातला निम्माच भाग आहे. शिक्क्याचं चित्र कोणीही डकवतो. तो लबाड दुकानदारसुद्धा उद्या डकवेल. आपल्या साइटवरची मुद्रा दाबली की नोंदीचं पान उघडतं. तुमच्या वहीतलं. गोधडी नंबर चारशे तेरा, शिवली बायजाबाईंनी, एकोणीस दिवस. मी दोन महिने तुमची वही उतरवून घेत होते. ज्या शिक्क्यामागे वही नाही तो नुसता शाईचा डाग."

वही कपाटात कुजतेय अशी बकुळाबाईंची समजूत होती.

त्यांनी विचारलं, "आणि परवाचा लाल फलक?"

"तेच कोडं सुटत नाहीये. साइटला प्रमाणपत्र लागतं बाई. शाळेच्या दाखल्यासारखं. त्यावर नाव असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं असतं, आणि देणाऱ्याची सही असते. आपण साइट उघडली की ब्राउझर आधी तो दाखला तपासतो. नाव जुळलं नाही, तारीख जुळली नाही, सही ओळखीची नसली, की लाल फलक. आपला दाखला मी संक्रांतीला नवा केला. तीन महिने चालेल. मग परवा काय झालं? माझ्या फोनवर साइट उघडत होती. मी धावत परळला गेले, साडेपाचला, तर तिथेही उघडली. कमलताई म्हणाल्या, आपोआप सुधारली."

"मग फोटोत काय लिहिलं होतं?"

"वरचे मोठे शब्द वाचले, 'हे कनेक्शन सुरक्षित नाही.' पुढे नाही बघितलं." तिने लॅपटॉप मिटला. "त्या फोटोखाली सगळ्यांनी हसणारी तोंडं टाकली होती. अनुजाताईने, हितेंद्रने." ती थांबली. "तुम्ही पण."

बकुळाबाईंना आठवलं. टाकलं होतं खरं.

"एकच कॉम्प्युटर," वैशाली स्वतःशीच पुटपुटली. "एकच साइट. आणि एकच तास. असं कसं होईल?"

४

घरी येऊन बकुळाबाईंनी दिवा लावला, भिंग घेतलं आणि ग्रुपवरचा तो फोटो उघडला. पाठवल्याची वेळ होती अठरा जानेवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. मोठ्या इंग्रजी अक्षरांखाली बारीक ओळी होत्या. कमलताईंनी अधिक तपशिलाचं बटणही दाबलं असावं. फलक जितका भीतीदायक दिसेल तितका बरा. शेवटची ओळ निम्मी कापली गेली होती. तिच्या वरची मात्र भिंगाखाली स्वच्छ वाचता आली.

या साइटचं प्रमाणपत्र सहा दिवस पुढच्या तारखेचं दिसतं.

बकुळाबाईंनी ते तीनदा वाचलं. मुदत संपली असं नव्हतं लिहिलेलं. उलट होतं. दाखला अजून सुरूच व्हायचा होता.

पण दाखला तर संक्रांतीचा, चौदाचा. अठराला तो चार दिवसांचा जुना होता. त्याला पुढचा कोण म्हणेल?

त्यांनी वही ओढली. अशा वेळी त्या वर्गात सांगायच्या, पोरांनो, उत्तर चुकीचं वाटलं तर उत्तराशी भांडू नका, दिलेली माहिती तपासा. चौदा तारीख सहा दिवस पुढे असेल, तर आज तारीख किती?

चौदातून सहा गेले.

आठ.

पेन्सिल तिथेच थांबली. अठरा तारखेला दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मंडळाच्या कॉम्प्युटरच्या हिशेबी आठ तारीख होती. आणि अनुजाच्या फोल्डरातली फाइल? आठ जानेवारी, चार वाजून पाच.

तारीख मागे फिरवली की दिवस बदलतो. तास तोच राहतो. कोणीतरी अठराला दुपारी घड्याळ दहा दिवस मागे नेलं, चार वाजून पाच मिनिटांनी वैशालीची मुद्रा अनुजाच्या फोल्डरात ठेवली, आणि पंधरा मिनिटांनी, घड्याळ मागेच असताना, साइट उघडली.

त्या रात्री त्यांना आनंद व्हायला हवा होता. गणित सुटलं होतं. पण त्या भाकरी शेकताना दोनदा हात भाजून बसल्या, कारण गणितात आता एकच माणूस उरत होतं आणि ते नाव त्यांना नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी हितेंद्रला मंडळाची खोली उघडायला लावली.

"तारीख आठ कर."

"बाई, मावशी ओरडेल."

"कर तू. आता साइट उघड."

पडदा लाल झाला. हितेंद्रने बारीक ओळ मोठ्याने वाचली, आणि शेवटची, फोटोत कापली गेलेली ओळसुद्धा. तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ सध्या आठ जानेवारी दाखवतंय.

"आता दुसरं काहीतरी उघड. तुझं क्रिकेट."

क्रिकेटचं पान बिनतक्रार उघडलं.

"असं कसं?" हितेंद्र डोकं खाजवू लागला.

"त्यांचा दाखला जुना आहे. आठ तारखेलाही चालत होता. आपला मात्र संक्रांतीचा, आठ तारखेला जन्मलाच नव्हता. म्हणून घड्याळावर कोणाचा संशय गेला नाही. बाकी सगळं चालू, आपलंच बंद. दोष कोणाला? वैशालीला."

"म्हणजे त्या दिवशी कोणीतरी तारीख..." हितेंद्रची बोटं कळफलकावर थिजली. "पण अठराला चारला मी दादरला होतो. वहिनी शिवाजी पार्कला. मॅडम घरी होत्या, त्या साडेपाचला आल्या. मग इथे बसून फोटो काढला तो..."

"काय चाललाय गो सकाळी सकाळी?"

दारात कमलताई उभ्या होत्या. त्यांची नजर बाईंवरून लाल पडद्यावर गेली आणि तिथेच राहिली.

५

हितेंद्रला चहा आणायला पाठवलं. तो गेला तो चहा न आणायच्या बेतानेच गेला.

"बस कमल."

"मी उभी बरी."

बकुळाबाईंनी वही पुढे केली. आठ, चौदा, अठरा. चार-पाच, चार-वीस. कमलताईंनी न बघितल्यासारखं बघितलं.

"अठराला अमावास्या होती," त्या म्हणाल्या. "तीन बाळांच्या गोधड्या होत्या. तारीख फिरवली. दरवेळी फिरवते. त्यात काय?"

"दरवेळी एक दिवस फिरवतेस. चिठ्ठीवर सतरा तारीख आली असती. दहा दिवस मागे कशाला गेलीस?"

कमलताई दाराबाहेर बघू लागल्या. बाहेर नळावर कोणाची तरी बादली भरून वाहत होती.

"तू फाइल ठेवलीस, आणि घड्याळ परत फिरवायच्या आधी साइट उघडलीस. का?"

"जुळवून बघत होते," कमलताई हळू बोलल्या. "माझी नक्कल आणि तिची मुद्रा सारखी दिसते का ते. तर लाल झाला. वाटलं, तिची साइट फुटली! एवढं बरं वाटलं मला बाई, एवढं बरं वाटलं... हातात फोन कधी आला कळला नाय." त्या खुर्चीत बसल्या. "तो फोटो टाकला नसता तर?"

"तर मी आज चारला तिला चोर ठरवलं असतं."

"बावीस वर्षं!" कमलताईंचा आवाज एकदम चढला आणि फाटला. "दारोदार चिंध्या मागितल्या मी. पोलिसांनी फुटपाथवरून हाकलला, तेव्हा डोक्यावर गोधड्या घेऊन लालबाग ते गिरगाव चालले. पेपरवाले आले, तर विचारतात, 'वैशाली मॅडम कुठे आहेत?' मी त्यांना पाणी दिलं. पाणी देणारी बाई! फोटोत माझा हात आलाय, पेल्याबरोबर. बघितलात तुम्ही?"

"बघितला."

"मग?"

"मग काही नाही. चौकशी मला का दिलीस, ते मात्र कळलं." बकुळाबाईंनी चष्मा काढला. "माझी वही कपाटात गेली त्या दिवसापासून माझ्या पोटात काय दुखतंय ते तुला माहीत होतं. म्हातारी आठ आणि बारा बघेल आणि थांबेल, असं तुला वाटलं. तुझा हिशेब चूक नव्हता कमल. मी थांबलेच होते."

कमलताईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"आता काय करणार?"

"मी चारपर्यंत तोंड उघडत नाही. आधी तू बोल. तू नाही बोललीस तर मी बोलेन. आणि माझं बोलणं मास्तरणीचं असतं, एकेक पायरी सांगत. तुला ते ऐकवणार नाही."

"माका मंडळातून काढतील."

"मला माहीत नाही. वैशालीला मात्र आज नक्की काढतील."

कमलताईंनी पदराने पडद्यावरची नसलेली धूळ पुसली. आणि त्या निघून गेल्या. चारला त्या येतील की नाही, हे बकुळाबाईंना सांगता येईना.

६

पावणेचारलाच खोली भरली. चोवीस बायका, दारात हितेंद्र. वैशाली भिंतीशी उभी होती. तिने चावी आणि पासवर्डचा कागद टेबलावर आणून ठेवला होता. तिच्या शेजारची जागा कोणी घेतली नव्हती.

चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली. कमलताईंचा पत्ता नाही.

"बाई, तुम्ही सुरू करा," कोणीतरी म्हणालं. "निकाल काय?"

बकुळाबाई उठल्या. उठताना गुडघा वाजला. त्यांनी वही उघडली, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बसा बाई. उगाच दुखरा पाय घेऊन उभ्या कशाला?"

कमलताई आत आल्या. कोणाकडे न बघता कॉम्प्युटरसमोर बसल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या घड्याळावर दाबलं, तारीख आठ केली आणि साइट उघडली. खोलीत सगळ्यांच्या तोंडावर लाल उजेड पडला.

"हा अठराचा फलक," त्या म्हणाल्या. "साइट फुटली नव्हती. मी तारीख मागे केली होती. अशीच." मग त्यांनी वैशालीची मुद्रा उघडली, दुसरं नाव देऊन अनुजाच्या फोल्डरात ठेवली, आणि बोट पडद्यावर टेकवलं. "ही बघा. आत्ता, तुमच्यासमोर ठेवली. आणि तारीख काय दाखवतेय? आठ जानेवारी. अठराला पण मीच ठेवली होती. मुद्रा वैशालीची आहे. अनुजाला मी खोटं सांगितलं."

अनुजाने तोंडावर पदर धरला होता.

"का केलंत ताई?" बायजाबाईंनी विचारलं.

"जळले," कमलताई म्हणाल्या. "अजून काय?"

बायका वैशालीकडे बघू लागल्या. ती बराच वेळ त्या लाल पडद्याकडे पाहत होती. मग पुढे आली, कमलताईंच्या खांद्यावरून हात घालून तारीख एकवीस केली. पडदा निवळला.

"मला चोर म्हटलं ते ग्रुपवर म्हटलं," ती म्हणाली. "माझ्या आईच्या फोनवर, भावाच्या फोनवर पोचलंय. इथे चार भिंतींत बोललात ते त्यांना ऐकू येणार नाही. ग्रुपवर लिहा ताई. तुमच्या हाताने. मग मी चावी उचलेन."

"आणि कमलताईंनी अध्यक्ष राहायचं का?" एकीने विचारलं.

"ते तुम्ही चोवीसजणी ठरवा. मला माझं नाव हवंय."

कमलताईंनी फोन काढला. एका बोटाने लिहिताना त्यांना पुष्कळ वेळ लागला. मधे एकदा त्यांनी विचारलं, "खोटी फाइल, असंच लिहू?" आणि वैशाली म्हणाली, "असंच." मग खोलीतला एकेक फोन वाजू लागला. पिशव्यांतून, कमरेच्या बटव्यांतून, चोवीस फोन, एकामागून एक.

वैशालीने चावी उचलली आणि ती बाहेर पडली.

बकुळाबाई तिच्यामागे रस्त्यावर आल्या. ती बरीच पुढे गेली होती. हाक मारली असती तर ती थांबली असती; विद्यार्थिनीच ती. पण हाक मारून काय सांगणार? सगळे तिला म्हणणार, बाईंनी तुला सोडवलं. ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं.

त्या सोनाराच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या, पिशवीतून फोन काढला आणि कमलताईंच्या निरोपाखाली लिहिलं:

'वैशाली चोर आहे असं मीही काल सकाळी मानलं. पुरावा बघून नव्हे. मला ते खरं व्हायला हवं होतं, म्हणून. बकुळा.'

पाठवलं. आता ते परत घेता येणार नव्हतं.

नाक्यावर, सिग्नलपाशी, वैशालीच्या हातातला फोन उजळला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं असावं, कारण सिग्नल हिरवा झाला तरी ती रस्ता ओलांडायची राहिली. माणसं तिला वळसा घालून गेली. ती वळली नाही.

बकुळाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि चालू लागल्या. आपल्या चालीने त्यांना तिथपर्यंत पोचायला चांगली पाच मिनिटं लागली. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, परत लाल झाला. ती तिथेच उभी होती.

बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. वैशालीने त्यांच्याकडे बघितलं नाही. आज मेथी नसली तरी जड असलेली ती पिशवी मात्र तिने त्यांच्या हातातून काढून घेतली.

"राग आलाय मला," ती म्हणाली.

"येऊ दे."

"लवकर जाणार नाही."

"नको जाऊ देऊस."

सिग्नल हिरवा झाला.

"चला," वैशाली म्हणाली, आणि बाईंच्या पावलाला पाऊल लावून रस्ता ओलांडू लागली.